दोन्ही, ताडमाड आणि म्हातारा

हार्बोर्न, बर्मिंगहॅम
११ जानेवारी २०२५

प्रिय सुहासआजी,

नमस्कार. मी अनय. क्षितिजचा मुलगा, तुमच्या रघूदादाचा नातू. आपण शेवटी माझ्या आजीच्या, म्हणजे मीनाक्षीआजीच्या फ्युनरलला भेटलो होतो, तेव्हा मी शाळेत होतो. पहिला सॉरी म्हणतो, कारण माझी अक्षर खराब आहे आणि मराठी त्याच्यापेक्षा खराब.

बाबांनी फोनवर सांगितलं असेल, ऑक्टोबरमध्ये आजोबांना स्ट्रोक झाली. उजवा हात आणि उजवा पाय चालत नाही. पण सगळ्यात मोठा गोष्ट म्हणजे त्यांचं इंग्लिश गेलं. इतकी वर्षं त्यांनी इथल्या हॉस्पिटलमध्ये हाडांची ऑपरेशन्स केली, सगळं इंग्लिशमध्ये. आता घरी मदतीला येणारी केअरर 'टी ऑर कॉफी' विचारते आणि ते तिच्याकडे नुसते बघत राहतात. मराठी थोडी आहे. 'पाणी' म्हणतात. 'नको' म्हणतात. 'नको' जास्त.

ब्रॉनविन नावाची स्पीच थेरपिस्ट येते. ती वेल्श आहे. तिच्या आजीचं पण म्हातारपणी इंग्लिश गेलं होतं आणि वेल्श राहिलं, म्हणून तिला नवल वाटली नाही. ती म्हणाली, जे दार उघडं आहे त्या दाराने आत जा. प्रॉब्लेम हा की त्या दारातून मी जाऊ शकत नाही. माझी मराठी पाच वर्षांच्या मुलाची आहे.

मी आता आजोबांच्या घरी राहतो. माझा काम कौन्सिलच्या आयटीमध्ये आहे, ते घरून करता येतं. आई-बाबा मँचेस्टरहून वीकेंडला येतात. तुम्ही वेम्बलीला शनिवारच्या मराठी वर्गात इतकी वर्षं शिकवलं. मला पत्रातून शिकवाल का? आणि तुम्ही कधी येणार? तुमचा आवाज ऐकली तर त्यांना बरं वाटेल.

एक गंमत सांगतो. मी बेसबॉल कार्ड गोळा करतो. युनिव्हर्सिटीत खेळायचो तेव्हापासून. आजोबा नेहमी हसायचे, म्हणायचे, बेसबॉल म्हणजे बिघडलेलं क्रिकेट. काल मी टेबलावर कार्डाचं पाकीट उघडलं तर ते डाव्या हाताने एकेक कार्ड उचलून बघत बसले. किती तरी वेळ. टीव्ही लावला तर ते तोंड फिरवतात.

तुमचा,
अनय


वेम्बली
१८ जानेवारी

चि. अनय,

खूप आशीर्वाद. तुझं पत्र आलं आणि सवयीने लाल पेन शोधायला उठले. मग परत बसले. स्ट्रोक 'झाला', गोष्ट 'मोठी', काम 'माझं', आवाज 'ऐकला'. एवढं पुरे. बाकीच्या चुका राहू देत, सगळ्या काढल्या तर पत्र कोणाचं हेच कळायचं नाही. तुझ्या वयाच्या इथल्या किती मुलांना असं पानभर लिहिता येतं? मला तर एकही माहीत नाही.

शिकवीन. पण मोबाईलवर नाही, असंच हाताने लिहायचं. भाषा आधी बोटांत उतरते, मग तोंडात. आणि रघूशी बोलताना एका वेळी एकच वाक्य बोल आणि थांब. उत्तर यायला वेळ लागतो. तेवढा वेळ शांतता सहन करायची. आपल्याला ती सहन होत नाही म्हणून आपणच उत्तर देऊन टाकतो, आणि समोरच्याचा शब्द ओठापर्यंत येऊन परत जातो.

येण्याचं म्हणशील तर या महिन्यात जमेलसं दिसत नाही. संक्रांतीपासून मंडळाची हळदीकुंकवं चालू आहेत आणि सगळं माझ्याच गळ्यात. शिवाय घरातला बॉयलर रोज नवं नाटक करतोय, माणूस कधी येईल याचा नेम नाही. सोबत तिळगूळ पाठवते आहे. ईलिंग रोडवरच्या दुकानातून आणलेला नाही, मी केलेला आहे. रघूला एक दे, जपून, नीट चावून खाऊ दे.

आणि ही बेसबॉलची माणसं कोण आहेत? नागपूरला असताना रघू रेडिओला कान लावून कसोटीचा स्कोअर न्हाणीघराच्या दारावर खडूने लिहायचा. क्रिकेट सोडून दुसरा खेळ त्याने कधी मानला नाही. त्याला त्या कार्डात काय दिसतंय ते मला लिही.

तुझी,
सुहासआजी


हार्बोर्न
६ फेब्रुवारी

प्रिय सुहासआजी,

तिळगूळ मिळाला. आजोबांनी खाल्ला आणि म्हणाले, 'गोड'. नवीन शब्द आहे. ब्रॉनविनने डायरीत लिहून घेतला.

आता ही माणसं कोण ते सांगतो. अमेरिकेत दर वर्षी कार्डांचा नवीन सेट निघतो. त्यात सगळ्या टीमचे खेळाडू असतात, साधं कार्ड प्रत्येकाला एक. पण त्याच पाकिटात दुसरी कार्डं पण येतात. चकचकीत, रंगीत कडांची, जुन्या काळातल्या डिझाईनची. आणि त्या सगळ्यांवर परत परत तीच माणसं. कोण? एक म्हणजे जे फार फेमस आहेत ते, आणि मोठ्या शहराच्या टीममध्ये असले तर आणखी जास्त. दुसरे म्हणजे अगदी नवीन मुलं, जी पुढे फेमस होतील असं लोकांना वाटतं. आणि तिसरे म्हणजे जे केव्हाच मेले. मेलेले लोक दर वर्षी येतात. बाकीचे एकदाच, आणि काही जण तेवढंही नाही.

कार्ड गोळा करणारे सगळे याच्यावर चिडतात. मी पण चिडायचो. पैसे देऊन पाकीट उघडलं की परत तोच चेहरा.

पण आजोबांना तेच आवडलं. ब्रॉनविन बघत होती. ती म्हणाली, हरवलेला शब्द परत यायला एकच चित्र पुन्हा पुन्हा, वेगवेगळ्या कपड्यांत समोर यावं लागतं. मी असे फोटो बनवायला तास घालवते, आणि इथे कोणीतरी आधीच बनवून ठेवलेत.

एक जपानी खेळाडू आहे. तो बॉल टाकतो पण आणि मारतो पण, असं कोणी करत नाही. मी आजोबांना दोन्ही ॲक्शन करून दाखवल्या. तुम्ही सांगितलं तसं थांबलो. खूप वेळ थांबलो. मग ते म्हणाले, 'दोन्ही'. आता त्याचं नावच 'दोन्ही' आहे. तो निळ्या कडेत येऊ दे, सोनेरी कडेत येऊ दे, आजोबा लगेच म्हणतात, 'दोन्ही'. न्यूयॉर्कचा एक खूप उंच आहे, तो 'ताडमाड'. मला हा शब्द बाबांना विचारावा लागला. आणि एक ब्लॅक अँड व्हाइट फोटोवाला गोल पोटाचा आहे, तो 'म्हातारा'. म्हातारा आला की आजोबा मान हलवतात, जसा जुना पेशंट रस्त्यात भेटला.

माझं नाव अजून येत नाही. मी विचारतो, मी कोण? ते बघतात, प्रयत्न करतात, आणि मग माझ्या गालाला हात लावून म्हणतात, 'हा'.

ठीक आहे. 'हा' पण चालेल.

बॉयलर दुरुस्त झाली का? मग या.

अनय


वेम्बली
१५ फेब्रुवारी

चि. अनय,

बॉयलर 'झाला'. आणि हो, झाला.

तुझं पत्र दोनदा वाचलं, तिसऱ्यांदा शेजारच्या इशिताला वाचून दाखवलं. आमच्या मंडळाच्या स्मरणिकेचंही असंच असतं बघ. अध्यक्ष पानोपानी, पाहुणे पानोपानी, आणि ज्या बायकांनी वर्षानुवर्षं पुरणपोळ्या लाटल्या त्या एका ग्रुप फोटोत, त्यातही अर्ध्या कोणाच्या तरी खांद्यामागे. तेव्हा अमेरिकन लोकांवर फार रागावू नकोस.

पण तू नकळत मला एक गोष्ट सांगितलीस. लहानपणी आमच्या गल्लीत रघूने प्रत्येकाला नाव दिलेलं होतं. पोस्टमन होता त्याला 'धापा', कारण तो सायकलवरून उतरला की आधी धाप टाकायचा, मग पत्र द्यायचा. समोरच्या घरातल्या वकिलांना 'हरकत'. आमच्या गणिताच्या मास्तरांना जे नाव होतं ते मी तुला लिहिणार नाही. आई म्हणायची, या पोराला दुसरं काही येवो न येवो, लोकांना नावं ठेवता येतात. आणि आता तू लिहितोस, दोन्ही, ताडमाड, म्हातारा. अरे, हा तोच आहे. लोकांची नावं तो विसरला असेल, पण नावं ठेवायची खोड विसरलेला नाही. तो आत आहे, अनय. तुला शंका आली तर हे माझ्याकडून लिहून घे.

मला यायचं होतंच. पण गुडघा फार दुखतोय आणि यूस्टनहून सुटणाऱ्या गाड्यांचं वीकेंडला काही खरं नाही. मार्चमध्ये बघू.

त्याला मऊ भात देत जा, वर लिंबू पिळून. त्याला आवडायचा.

सुहासआजी


हार्बोर्न
२२ मार्च

प्रिय सुहासआजी,

बरेच दिवस लिहिलं नाही. इथे बरोबर चाललं नव्हतं.

आजोबा चिडायला लागलेत. सकाळी केअरर कपडे घालायला येते तेव्हा ते तिला ढकलतात. व्यायाम करून घेणारा फिजिओ आला की डोळे मिटून घेतात आणि 'नको, नको' म्हणत राहतात. मागच्या आठवड्यात त्यांनी केअररच्या हातावर जोरात मारलं. ती चांगली बाई आहे, किचनमध्ये जाऊन रडली. बाबा म्हणतात की स्ट्रोकनंतर स्वभाव बदलतो, ते आता घरी सांभाळण्यासारखे राहिले नाहीत. आई-बाबांनी मँचेस्टरला एक केअर होम बघितलं. मी पण बघून आलो. खोटं कशाला बोलू, जागा छान आहे. बाग आहे, लोक प्रेमळ आहेत. पण तिथे मराठी बोलणारं कोणी नाही. तिथे 'ताडमाड' म्हणाले तर कोणाला कळेल? ईस्टरच्या आधी सगळे बसून ठरवणार आहेत.

आता चांगली गोष्ट. एका पाकिटात एक साधं कार्ड आलं. रंगीत कडा नाही, काही नाही. एक पिचर आहे, म्हणजे बॉल टाकणारा. फोटोत त्याचा हात इतका मागे वळलाय की बघूनच आपल्याला कसंतरी होतं. आजोबांनी ते कार्ड मांडीवर ठेवलं, डावा हात वर खांद्यापर्यंत नेला आणि म्हणाले, 'दुखतं'. आजी, हे क्रियापद आहे. आतापर्यंत नुसती नावं येत होती.

मी नेटवर शोधलं. त्या खेळाडूच्या खांद्याचं खरंच ऑपरेशन झालं होतं आणि नंतर तो खेळलाच नाही. म्हणून त्याचं दुसरं कार्ड कुठे मिळत नाही. आजोबांनी नुसत्या फोटोवरून ओळखलं. हाडांचे डॉक्टर ना शेवटी.

तो परत येणार नव्हता म्हणून मी त्याच कार्डाच्या आणखी कॉपी मागवल्या. कोणाला नको असतात, अगदी स्वस्त मिळाल्या. आता पाकीट उघडताना मी त्या मध्ये घुसवतो. दर वेळी आजोबा हात खांद्यावर नेतात आणि 'दुखतं' म्हणतात. कधी कधी त्यांच्या डोळ्यांत पाणी येतं. दुसऱ्याचं दुखणं त्यांना अजून इतकं कळतं आणि बाबा म्हणतात स्वभाव बदलला.

आजी, एक विचारू? तुमचा गुडघा, तुमचा बॉयलर, तुमची मंडळ. वेम्बली काही ऑस्ट्रेलियात नाही. तुम्हाला यायचं नसेल तर तसं लिहा. मी रागावणार नाही. पण मला खरं कारण हवं आहे, कारण आजोबांना सांगायला माझ्याकडे काही नाही.

अनय


वेम्बली
२५ मार्च

चि. अनय,

काल तुझं पत्र वाचता वाचताच फोन लावला आणि तुला घाबरवून सोडलं. आता नीट लिहिते.

मी फोनवर तुला एकच विचारलं, त्याने हात कुठल्या खांद्यावर ठेवला? तू म्हणालास, उजव्या. उजवा म्हणजे त्याचा लुळा पडलेला हात. राजीवच्या, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या आजारात हेच झालं होतं. निकामी हाताचं वजन खांद्याला ओढतं, सांधा हळूहळू सुटायला लागतो, आणि मग कोणी बाही चढवायला हात उचलला की जीव जातो. रघू त्या बाईला मारत नव्हता रे. तो आपला खांदा वाचवत होता. त्याला 'माझा' म्हणता येत नव्हतं, 'इथे' म्हणता येत नव्हतं, म्हणून त्याने त्या पोराचा फोटो पुढे केला.

तू स्वतःला दोष देऊ नकोस. फोनवर तुझा आवाज गेला तो मला ऐकू आला. तू तीच कार्डं परत परत त्याच्यापुढे ठेवली नसतीस तर त्याला ते परत परत सांगताही आलं नसतं, आणि तू मला लिहिलंही नसतंस.

आता खरं कारण. तू मागितलंस ते बरोबर केलंस.

राजीवचं दुखणं मी तीन वर्षं केलं. शेवटच्या हिवाळ्यात एक दिवस मी त्याच्या तोंडात पेज घालत होते, आणि त्याने घरी येणाऱ्या नर्सकडे वळून अगदी सभ्यपणे विचारलं, 'या बाई कोण?' मी उरलेली पेज भरवली. वाटी विसळली. त्यानंतर तो बरेच महिने होता, पण मला कधी नावाने हाक मारली नाही.

माझं लहानपण आठवणारा जगात आता एकटा रघू उरला आहे. तिथे यायचं, त्याच्यासमोर बसायचं, आणि त्यानेही तुझ्याकडे वळून 'या बाई कोण' विचारलं, तर मला परतीच्या गाडीत बसता येणार नाही. गुडघा दुखतो हे खरं आहे. पण कारण ते नाही.

डॉक्टर काय म्हणाले ते लगेच कळव.

सुहासआजी


हार्बोर्न
१२ एप्रिल

प्रिय सुहासआजी,

तुम्ही म्हणाला होता तसंच निघालं. खांदा सांध्यातून खाली सरकला होता. आता हाताखाली नेहमी उशी असते, उठवताना आधाराचा पट्टा असतो, आणि एक इंजेक्शन दिलं. केअररला बाही कशी घालायची ते शिकवलं, आधी दुखरा हात, मग चांगला. पहिल्या दिवशी तिने हळू बाही चढवली तेव्हा आजोबांनी डोळे घट्ट मिटले होते. दुखलं नाही तेव्हा उघडले. मग त्यांनी तिचा हात धरला, ज्या हातावर मारलं होतं तोच, आणि बराच वेळ सोडला नाही. ती परत किचनमध्ये जाऊन रडली.

मी तुमच्यावर रागावून लिहिलं त्याचं मला वाईट वाटतं. राजीवआजोबांचं मला माहीत नव्हतं. आमच्या घरात असं कोणी बोलत नाही, सगळे फक्त 'ही इज कंफर्टेबल' म्हणतात.

काल आई-बाबा आले होते. ठरवायला. बाबांनी आजोबांसमोर बसून कार्डं मांडली. पहिल्यांदाच. बाबांना एकही खेळाडू माहीत नाही, आणि आजोबा त्यांना शिकवत होते. 'दोन्ही.' 'ताडमाड.' बाबा चुकले की आजोबा मान हलवायचे. मग बाबा उठून बागेत गेले आणि परत आले तेव्हा त्यांचं नाक लाल होतं. ते म्हणाले, केअर होमला आत्ता नाही म्हणून कळवतो. पण मला म्हणाले, तू सव्वीस वर्षांचा आहेस, तू एकटा हे करायचं नाहीस. आठवड्यात दोन दिवस तरी घरात आपलं दुसरं माणूस पाहिजे, नाहीतर उन्हाळ्यानंतर परत विचार करावा लागेल. आईने शुक्रवारी सुट्टी घ्यायचं ठरवलंय. एक दिवस राहतो.

आजी, तो एक दिवस तुमचा आहे असं मला वाटतं. ते तुम्हाला ओळखतील की नाही, मला माहीत नाही. खोटं प्रॉमिस करणार नाही. मलाही ते 'हा' म्हणतात. कार्ड बनवणारे विचार करतात की कोणता चेहरा विकला जाईल, आणि तो पुन्हा पुन्हा छापतात. पण आजोबांना ते फेमस आहेत हे कुठे माहीत आहे? ते येत राहिले म्हणून आजोबांचे झाले. तुम्ही एकदाच येऊन बघू नका. येत राहायचं असेल तरच या.

२४ तारखेला गुरुवार आहे. मी न्यू स्ट्रीट स्टेशनवर घ्यायला येईन. गुडघ्यासाठी लिफ्ट आहे, मी बघून आलो.

अनय


वेम्बली
२६ एप्रिल

चि. अनय,

काल सुखरूप पोचले. तू दिलेला डबा गाडीत खाल्ला. भात जरा कच्चा होता, पण लिंबू बरोबर पडलं होतं.

तू मीटिंगसाठी वर गेलास तेव्हा काय झालं ते तुला सांगितलं नाही. तिथे सांगता आलं नसतं.

आम्ही दोघंच होतो. मी खुर्ची त्याच्या डाव्या बाजूला ओढून बसले. काही विचारायचं नाही असं गाडीतच ठरवलं होतं. 'मी कोण' तर मुळीच नाही. त्याने माझ्याकडे पाहिलं. किती बारीक झालाय रे. मग त्याने माझ्या पदराचं टोक हातात घेतलं, बोटांमध्ये चोळलं, आणि म्हणाला, 'आई.'

नाही म्हणू? मी सुहास, म्हणू? आमची आई गेली तेव्हा रघू इथे ड्युटीवर होता. त्याला वेळेत पोचता आलं नव्हतं. ते त्याने कधी कोणाजवळ काढलं नाही, पण मला माहीत आहे. मी म्हटलं, 'काय रे बाळा.' आणि तो माझ्या खांद्याला डोकं टेकून झोपला. तू खाली आलास तेव्हा तो झोपलेला होता आणि मी तुला चहा करायला पाठवलं, ते एवढ्यासाठी.

मला वाटलं होतं, त्याने ओळखलं नाही तर मी मोडून पडेन. तसं काही झालं नाही. परतीच्या गाडीत मी चक्क डुलकी काढली, आणि यूस्टनला एका मुलीने मला उठवलं.

येत्या गुरुवारी येते. रात्री राहीन, शुक्रवारी तुझी आई, स्वाती आली की निघेन. आणि एक, मला 'तुम्ही' म्हणणं आता सोड. घरातल्या माणसाला आपण काय म्हणतो ते तुला आता येतं.

सुहासआजी


हार्बोर्न
२१ जून

प्रिय सुहासआजी,

तू काल गेलीस आणि लगेच पत्र लिहितोय, म्हणून घाबरू नको. सगळे ठीक आहेत. एक गोष्ट तुला तोंडी सांगायची नव्हती. मला ती नीट मराठीत लिहायची होती.

गुरुवारी तुझी गाडी सिग्नलमुळे मध्येच थांबली. तू आलीस तेव्हा दमली होतीस आणि रेल्वेवर चिडली होतीस, त्यामुळे तुला कळलं नाही की इथे काय चाललं होतं.

जेवण झाल्यावर मी नेहमीप्रमाणे टेबलावर पाकीट उघडलं. नवीन सेटचं होतं. पहिलंच कार्ड 'दोन्ही'चं, लाल कडेचं. आजोबांनी बघितलं पण नाही. ते खिडकीकडे बघत होते. मी ताडमाड दाखवला. त्यांनी माझा हात बाजूला केला. मला वाटलं खांदा दुखतोय. विचारलं, दुखतं? त्यांनी मान हलवली, नाही. मग त्यांनी खुर्ची खिडकीजवळ घ्यायला लावली. गेटपर्यंत सगळं दिसतं तिथून.

मी काम बाजूला ठेवून शेजारी बसलो. एक बस आली, त्यातून शाळेची मुलं उतरली. आजोबा एकेका माणसाकडे बघत होते. दुसरी बस आली. त्यातून कोणीच उतरलं नाही. तेव्हा ते माझ्याकडे वळले आणि म्हणाले, 'कुठे?'

मी म्हटलं, येतेय. गाडी अडकली आहे.

ते परत खिडकीकडे वळले. मी थांबलो, तू शिकवलंस तसं. मध्ये बोललो नाही. खूप वेळाने ते म्हणाले, 'उशीर.'

कोणाला उशीर, ते म्हणाले नाहीत. आई नाही म्हणाले, सुहास नाही म्हणाले. मी विचारलं पण नाही. मग तुझी टॅक्सी आली. तू गेट उघडताना दिसलीस आणि आजोबांनी घाईघाईने टेबलावरची कार्डं पुढे ओढली, एक उचललं आणि त्यात डोकं घातलं. तू दारातून आत आलीस तेव्हा ते कार्ड बघत बसले होते, जसं काही आपण दिवसभर कोणाची वाट बघितलीच नाही. आणि ते कार्ड उलटं धरलं होतं.

पुढच्या गुरुवारी आधीची गाडी पकड.

तुझा,
अनय